खोड की विकार?

मावळातील आंबीची शाळा असो की पुण्यातली, सारखे डोळे मिचकावणारे, मानेला झटका देणारे किंवा उगाच घसा खाकरणारे एखादे मूल शिक्षकांच्या पाहण्यात येतेच. 'असे करू नकोस' म्हटले की ते क्षणभर थांबते, मग पुन्हा सुरू होते. थांबता येते म्हणजे मुद्दाम करते, असे आपण धरून चालतो. ही चूक फार जुनी आहे.

अशा अचानक व पुनःपुन्हा होणाऱ्या हालचालींना किंवा आवाजांना वैद्यकात 'टिक' म्हणतात. वर्षाहून अधिक काळ त्या चालू राहिल्या, तर विकार दीर्घकालीन समजतात.

१८२५ साली पॅरिसचे डॉक्टर झां इतार यांनी एका सरदार घराण्यातील स्त्रीची हकीकत नोंदवली. (जंगलात सापडलेल्या व्हिक्टरला शिकवणारे इतार ते हेच.) सातव्या वर्षी लिहिताना तिच्या हाताला झटके येऊ लागले. घरच्यांना तो खोडकरपणा वाटला आणि तिला शिक्षा झाल्या. झटके मात्र थांबले नाहीत. १८८५ साली झील द ला तूरेत यांनी असे नऊ रुग्ण वर्णिले; त्यांत हीच स्त्री होती. विकार आनुवंशिक आहे आणि बरा होत नाही, असे त्यांचे मत पडले.

१९०२ साली मेज आणि फँदेल यांनी टिकवर ग्रंथ लिहिला. ठरावीक वेळ निश्चल बसणे, आरशासमोर सावकाश हालचाली करणे असे व्यायाम त्यांनी सुचवले. कल्पना चांगली होती. पण रुग्णाची इच्छाशक्ती दुबळी, असा शिक्काही त्यांनी मारला. १९६१ साली हॅलोपेरिडॉल या औषधाने टिक कमी होतात असे आढळले आणि मेंदूच्या कार्यातील बिघाडाकडे लक्ष वळले. शिक्का पुसट झाला. मात्र, मेंदूचा विकार शिकवून कसा कमी होणार, असेही वाटू लागले.

१९७३ साली अमेरिकेत अ‍ॅझ्रिन आणि नन या मानसशास्त्रज्ञांनी याचे उत्तर दिले. शिंकेपूर्वी नाक हुळहुळते, तशी टिकपूर्वीही पुष्कळ जणांना एक अस्वस्थ जाणीव होते. ती ओळखायला रुग्णाने आधी शिकायचे. जाणीव होताच टिकशी न जुळणारी, सहज दिसून न येणारी कृती करायची. मान झटकत असेल, तर हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू हलके ताणून धरायचे. ऊर्मी ओसरेपर्यंत तसेच राहायचे.

यावर आधारलेल्या उपचाराची चाचणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत ९ ते १७ वर्षांची १२६ मुले होती. दहा आठवड्यांनी, हा उपचार घेतलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के मुलांत स्पष्ट सुधारणा दिसली. नुसती माहिती व धीर दिलेल्यांत ती सुमारे १९ टक्के होती. विकार समूळ जात नाही, पण सुसह्य होतो. २०१९ साली अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेने इतर वर्तनोपचारांच्या किंवा औषधांच्या आधी हा उपचार सुचवला.

पक्षाघात झालेला माणूस व्यायामाने चालू लागतो. म्हणून त्याचे न चालणे आळस ठरत नाही. टिकचेही तसेच आहे. प्रशिक्षण तज्ज्ञाने द्यायचे असते. शिक्षकांनी टिककडे दुर्लक्ष करावे, चिडवणाऱ्यांना आवरावे, लागल्यास मुलाला घटकाभर वर्गाबाहेर जाऊ द्यावे आणि पालकांना डॉक्टरांकडे जायला सुचवावे. दोनशे वर्षांपूर्वी एका मुलीला झाली ती शिक्षा आपल्या वर्गात तरी कोणाला होऊ नये.