पट्टा, मुदत, वाढ

‘विषय : भाडेपट्ट्यास मुदतवाढ मिळणेबाबत.’ साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या कुठल्याही सरकारी कचेरीत अशा विषयाचा अर्ज सापडेल. आपल्याकडे फ्लॅट सहसा मालकीचा असतो, पट्टा असलाच तर तो इमारतीखालच्या जागेचा. इंग्लंडात बहुतेक फ्लॅटच पट्ट्याचे असतात, आणि १९९३ च्या कायद्याने तिथे ९० वर्षांची वाढ मागण्याचा हक्क दिला. इथे हक्कापेक्षा अर्जच चालतो. पण अर्जाच्या विषयाच्या त्या एका ओळीत संस्कृत, प्राकृत आणि अरबी शब्द एकमेकांना चिकटून बसले आहेत.

‘भाडे’ साधे आहे. संस्कृत ‘भाटक’, प्राकृतात ‘भाडय’, मग भाडे. अर्थ फारसा हललेला नाही.

खरी गंमत ‘पट्ट्या’त आहे. संस्कृतात ‘पट्ट’ म्हणजे पाटी, पत्रा, फळी. आणि कापडाची पट्टीही. राजाज्ञा तांब्याच्या पत्र्यावर कोरली की तो ताम्रपट. कपाळाला मानाचा पट्ट बांधला की पट्टाभिषेक, आणि राणीला तो मान मिळाला की ती पट्टराणी. पाट, पाटी, पट्टी, दांडपट्टा, शिपायाला पट्टेवाला म्हणायला लावणारा कमरेचा पट्टा, कृष्णाकाठचा ऊसपट्टा, सगळी याच घरची माणसे. माळव्याच्या परमार राजांच्या दहाव्या-अकराव्या शतकांतल्या ताम्रपटांत राजा गावच्या ‘पट्टकिलां’ना उद्देशून आज्ञा देतो. पट्टकील म्हणजे आपला पाटील. ज्या दोन जिल्ह्यांत दगड मारला तर पाटलालाच लागेल, तिथल्या लोकांना हे सांगायला हवेच.

आणि सांगलीचे संस्थानिक पटवर्धन? आडनावाची फोड सरळ केली तर पट्ट आणि वर्धन, म्हणजे पट्ट्याची वाढ! तिथला पट्ट मानाचा, भाड्याचा नव्हे, हे कबूल. पण १८०१ मध्ये चिंतामणराव अप्पासाहेबांनी जिथे राजधानी थाटली, त्या गावात मुदतवाढीचा अर्ज करणाऱ्याने एवढा विनोद करून घ्यायला हरकत नसावी.

जुन्या दानपत्रांतला पट्ट मुदतीचा नसे. तो चंद्रसूर्य असेपर्यंतचा, आणि म्हणून अनेक ताम्रपटांवर, दानाच्या शिळांवर चंद्रसूर्य कोरलेले दिसतात. काळाची वेसण पट्ट्याला नंतर लागली, आणि ‘मुदत’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आला. त्याचा मूळ धातू ‘म-द-द’, अर्थ ताणणे, लांबवणे. ‘मदत’ही त्याच धातूची: हात लांब करणे. म्हणजे मुदतीत लांबवणे आधीच होते. आपण तिला ‘वर्धन’मधून आलेली ‘वाढ’ आणखी जोडली.

पेशवाईत पडीक जमीन लागवडीला आणायची तर ‘कौल’ देत. अरबीत ‘कौल’ म्हणजे शब्द, वचन. देवाला लावतो तो कौल आणि मतपेटीतून मिळतो तो कौल हाच. छपरावरचे कौल मात्र वेगळे. कौलाचा एक प्रकार ‘इस्तावा’: सारा पहिल्या वर्षी थोडा, मग वर्षागणिक चढता, शेवटी पुरा. कुळाने उलट लिहून द्यायची ती ‘कबुलायत’. वंशपरंपरेने जमीन धरणारा मिरासदार, तर मुदतीने कसणारा ‘उपरी’. उपरेपणाचा सल आजही ज्या शब्दात टोचतो, तो असा जमाबंदीच्या दप्तरातला आहे.

शेतकरी अजूनही जमीन ‘खंडाने’ देतात. खंड म्हणजे तुकडा, ठरवून तोडलेली रक्कम. अरबीतून आलेला ‘मक्ता’ही कापण्याच्याच धातूचा. मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत ९५ वर्षांच्या पट्ट्याने मिळतो तो ‘भूखंड’. तोडण्याची भाषा सगळीकडे आहे. इंग्रजी ‘लीज’ मात्र फ्रेंचमार्गे लॅटिनच्या ‘सैल सोडणे’ या क्रियापदाकडे जाते. त्यांनी सोडले, आपण पट्ट्याने बांधले!

साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून १८२९ मध्ये इंग्रजांनी वाईकडचे खंडाळा देऊन महाबळेश्वरची जागा घेतली. ती चोख अदलाबदल होती, पट्टा नव्हे. पण पुढे त्याच डोंगरावर बंगल्यांसाठी सरकारने दिल्या त्या जागा पट्ट्याने. सह्या करणारे गेले, सरकारे बदलली, शब्द राहिला, आणि मुदत संपलेल्या पट्ट्यांच्या फायली जिल्हाधिकारी कचेरीत आल्या.

आता मला खटकणारी गोष्ट. अर्जदार आणि कधी कारकूनही ‘मुदतवाढ’ आणि ‘नूतनीकरण’ हे शब्द एकाच अर्थाने वापरतात. ते एक नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये प्रवाशचंद्र दलुई खटल्यात हा फरक मांडला आहे: मुदतवाढीत जुनाच पट्टा पुढे चालतो, नूतनीकरणात जुना संपून नवा जन्मतो. नवा पट्टा म्हणजे नवा दस्त, आणि त्याबरोबर नव्या अटींची वाट मोकळी. ‘नूतनीकरण’ हा शब्द कानाला भारदस्त वाटतो म्हणून अर्जात घालणे महागात पडू शकते.

राज्य सरकारच्या २०१९ च्या नियमांनी तिसरी वाट काढली: सरकारी पट्ट्याच्या जागेचे अधिमूल्य भरून ती ‘भोगवटादार वर्ग १’, म्हणजे मालकीसारखी, करून घ्या, म्हणजे पट्ट्याचा प्रश्नच मिटला. पण ती पसंत पडेपर्यंत अर्ज करावाच लागेल. तेव्हा आधी मूळ करारपत्र काढा, ‘मुदतवाढ’ लिहिले आहे की ‘नूतनीकरण’ ते पाहा, आणि अर्जाच्या विषयात तोच शब्द उतरवा.