मराठी सिनेमात कोयता कसा आला? हिंसा आणि ट्रेंडची गोष्ट

स्लो मोशनमध्ये चालत येणारा तरुण, मागे दहा-पंधरा पोरं, दणदणीत म्युझिक आणि एक डायलॉग. असा रील तुम्ही पाहिलाच असेल. आमच्या आष्टीत (परतूर तालुक्यातलं, बीडचं नव्हे) वाढदिवसाचे स्टेटसही आता याच स्टाइलचे असतात. पण मराठी सिनेमा म्हटलं की एकेकाळी तमाशापट, मग विनोदी आणि कौटुंबिक चित्रपट आठवायचे. मग हे कधी बदललं?

सुरुवात हिंदीतून, पण लेखक मराठी

१९८३ चा 'अर्ध सत्य' हिंदी असला तरी त्याची मुळं मराठी आहेत. कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा सब-इन्स्पेक्टर वेलणकर हिंसक होतो, पण त्याच्या हिंसेला टाळी मिळत नाही. तो आतून मोडत जातो आणि आपण अस्वस्थ होतो.

१९९८ मध्ये राम गोपाल वर्मांचा 'सत्या' आला. मुंबईचा गँगस्टर पहिल्यांदाच शेजारच्या चाळीतला वाटला. भिकू म्हात्रे इतका आवडला की त्यानंतर गँगस्टरपटांची रांगच लागली. ट्रेंड असाच बनतो: एक सिनेमा चालतो, निर्मात्यांना सूत्र सापडतं, आणि पुढचे सिनेमे त्यातलं सगळ्यात दिखाऊ तेवढं उचलतात.

मराठीत निशिकांत कामत यांच्या 'डोंबिवली फास्ट'ने (२००५) वेगळी वाट धरली. त्यातला माधव आपटे बँकेत नोकरी करणारा, रोज लोकल पकडणारा माणूस. तो एक दिवस बॅट उचलतो. १९९३ च्या हॉलिवूडच्या 'फॉलिंग डाउन'शी त्याचं साम्य आहे, पण चीड मात्र अस्सल आपल्याकडची.

'सैराट'ने काय दाखवलं नाही?

(पुढे शेवट सांगतोय. अजून पाहिला नसेल तर हा भाग सोडा.)

२९ एप्रिल २०१६ ला आलेल्या नागराज मंजुळेंच्या 'सैराट'चा शेवट आठवा. आर्ची-परश्याचा खून आपल्याला दिसतच नाही. दिसतं ते नंतरचं: शेजारणीकडून परतलेलं लहान मूल, आणि ते बाहेर पडतं तेव्हा फरशीवर उमटणारी त्याची रक्ताळलेली पावलं. आवाज पूर्ण बंद. ज्या थिएटरमध्ये 'झिंगाट'वर लोक नाचले, तिथेच सन्नाटा पसरला.

त्याचा हिंदी रिमेक 'धडक' (२०१८) मात्र शेवटी खुनाचा थेट धक्का देतो, आणि जातीचा प्रश्न त्यात बराच पुसट होतो. माझ्या मते दोन्हींतला खरा फरक हाच आहे. एकात हिंसा कुठून येते ते कळतं, दुसऱ्यात ती फक्त घडते.

'मुळशी पॅटर्न' आणि कापलेला सिनेमा

प्रवीण तरडेंचा हा चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. पुण्याजवळची जमीन विकली जाते, शेतकरी बाप हमाली करतो, आणि मुलगा राहुल गुन्हेगारीत शिरतो. २०२१ मध्ये याचाच 'अंतिम' नावाने हिंदी रिमेक झाला. मूळ गोष्ट जमीन गेल्यावर माणसाचं काय होतं याची आहे. राहुलचा शेवटही वाईटच होतो.

पण रीलमध्ये काय फिरतं? एंट्री, डायलॉग, गाणं. बापाची हमाली आणि शेवट कोणी कापून टाकत नाही. म्हणजे दिग्दर्शकाने इशारा म्हणून केलेला सिनेमा तीस सेकंदांत जाहिरात होतो. पुढे पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रुळला, तेव्हा बोट सिनेमाकडेही गेलं. हे सरळ नातं लावणं मला घाईचं वाटतं. बेकारी, जमिनीचा पैसा, स्थानिक राजकारण हे सगळं सिनेमाच्या आधीपासून आहे. पण गुन्हेगाराचा रुबाब कसा असतो, हे ठरवण्यात पडद्याचा वाटा नाही असंही म्हणता येणार नाही.

याच काळात 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' (२०२२) असे शिवकालीन युद्धपटही आले. तिथे तलवार आहे, रक्तही आहे, पण ते घरच्यांसोबत पाहिलं जातं. हिंसा कोण करतंय आणि कशासाठी, यावर आपली सहनशक्ती ठरते.

मग सेन्सॉरचं काय?

२०२४ च्या नव्या नियमांनुसार 'यूए' प्रमाणपत्राचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. 'ए' म्हणजे फक्त प्रौढांसाठी. डिसेंबर २०२३ च्या 'अ‍ॅनिमल'ला 'ए' मिळालं होतं, म्हणजे १८ वर्षांखालच्यांना थिएटरात प्रवेश नाही. ओटीटीवरही वयाची सूचना असते. पण त्याच सिनेमाचा तुकडा रील होऊन सातवीतल्या पोराच्या हातात येतो, तेव्हा त्यावर कुठलंही प्रमाणपत्र नसतं. घरातला फोन एकच असेल, तर तो कोणासाठी सुचवलाय हे अल्गोरिदमलाही कळत नाही.