खोलिशाचा प्रवास : बंगालच्या भातशेतांतून कांचेच्या घरांत

शहरांतील पुष्कळ दिवाणखान्यांत आतां पाण्यानें भरलेली कांचेची पेटी दिसते. तींत फिरणाऱ्या माशांपैकीं एक लहानसा, चपटा, तांबड्या-निळ्या तिरप्या पट्ट्यांचा मासा सहज ओळखूं येतो. त्याच्या छातीखालून दोऱ्यासारखे दोन लांब पर लोंबत असतात व त्यांच्या टोंकांनीं तो समोरची प्रत्येक वस्तु चांचपून पाहतो. दुकानदार त्याला ‘ड्वार्फ गुरामी’ म्हणतात. नांव परकें, किंमत बऱ्यापैकीं आणि रूप झगझगीत. त्यामुळें तो कोठल्या तरी दूरच्या बेटावरून आला असावा अशी घेणाराची समजूत होते. वस्तुतः हा मासा आपल्याच देशाचा. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील भातशेतें, डबकीं आणि शेवाळलेलीं तळीं हें त्याचें माहेर. पावसाळ्यांत गढूळ होणाऱ्या व उन्हाळ्यांत आटून कोमट होणाऱ्या पाण्यांत जो पिढ्यान्‌पिढ्या सुखानें राहिला, तोच आज स्वच्छ, निथळ पाण्याच्या घरांत अनेकदां चार-सहा आठवड्यांत दगावतो. असें कां व्हावें? या प्रश्नाचें उत्तर त्या माशाच्या इतिहासांत आहे.

प्रथम नांवाविषयीं. ‘गुरामी’ हें त्याचें स्वतःचें नांव नव्हे. तें जावा बेटाकडील एका भल्या मोठ्या खाद्य माशाचें नांव. अठराव्या शतकांत फ्रेंचांनीं तो मासा मॉरिशस बेटावर नेला. तेथें कॉमेर्सों या निसर्गशास्त्रज्ञानें त्याचें वर्णन लिहून ठेविलें आणि १८०१ सालीं लासेपेद यानें तद्देशीय नांवच लॅटिन पेहराव करून शास्त्रांत आणलें. पुढें त्या थोराचें आडनांव त्याच्या सर्व धाकट्या आप्तांना लागलें. आमच्या या चिमुकल्या माशाला बंगालचे कोळी ‘खोलिशा’ म्हणतात. तांबूस तो लाल खोलिशा आणि त्याहून लहान, मधाच्या रंगाचा तो चुना खोलिशा. पहिला जेमतेम तीन इंच भरतो, दुसरा दोन इंच.

हीं कोळ्यांचीं नांवें जगापुढें ज्यानें मांडलीं तो फ्रान्सिस बुकानन हा कंपनी सरकारचा स्कॉटिश शस्त्रवैद्य होय. टिपूच्या पाडावानंतर म्हैसूर, कानडा व मलबार या प्रांतांतून प्रवास करून त्यानें लिहिलेला वृत्तांत इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. १८०७ पासून १८१४ पर्यंत त्यानें बंगाल व बिहार प्रांतांची पाहणी केली. लोकांच्या चालीरीति, शेती, उद्योगधंदे यांची टिपणें करतां करतां तो नदीकांठच्या बाजारांत जाऊन मासेहि पाही, आणि त्यांचीं चित्रें बंगाली चित्रकाराकडून काढवून घेई. १८१५ सालीं तो स्वदेशीं निघाला तेव्हां गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यानें हीं चित्रें कंपनीच्या मालकीचीं ठरवून कलकत्त्यासच ठेवून घेतलीं. आयुष्याची कमाई अशी हातची गेली तरी, मातुल घराण्याची जहागीर मिळाल्यामुळें आतां हॅमिल्टन हें आडनांव धारण केलेल्या या गृहस्थानें जवळ उरलेल्या साहित्यावर १८२२ सालीं एडिंबरो येथें गंगेंतील माशांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत शंभराहून अधिक जाति शास्त्राला नव्या होत्या.

या ग्रंथाचा एक विशेष ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. हॅमिल्टननें नव्या माशांना आपल्या आश्रयदात्यांचीं नांवें देण्याऐवजीं बहुधा कोळ्यांच्या तोंडचींच नांवें दिलीं. लाल खोलिशाचा ‘लालियस’ झाला आणि चुना खोलिशाचा ‘चुना’ तसाच राहिला. या चुन्याच्या बाबतींत तर एक मौज झाली. नर व मादी यांचे रंग भिन्न, त्यांतून विणीच्या दिवसांत नराचा गळा काळसर होऊन अंग मधासारखें उजळतें. त्यामुळें एकाच जातीला ‘चुना’ व ‘सोटा’ अशीं दोन नांवें त्याच ग्रंथांत मिळालीं, आणि दोन्ही एकच होत हें मागाहून ठरलें. १८३१ सालीं क्यूव्हिए या फ्रेंच पंडितानें तर या सगळ्या कुळालाच ‘कोलिसा’ असें नांव दिलें. बंगालच्या कोळ्याचा शब्द अशा रीतीनें पॅरिसच्या विद्यापीठांत मान्यता पावला.

क्यूव्हिएनेंच या माशांच्या श्वासेंद्रियाला भूलभुलैयाची उपमा दिली. गुरामीच्या कल्ल्यांच्या वर, डोक्याच्या पोकळींत, पातळ हाडांच्या घड्यांवर घड्या पडलेल्या असतात आणि त्यांवर रक्तवाहिन्यांनीं भरलेली नाजूक त्वचा असते. मासा दर थोड्या वेळानें पृष्ठभागावर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि ती हवा या चक्रव्यूहांत कोंडून तींतील प्राणवायु रक्तांत ओढून घेतो. कोमट, सांचलेल्या पाण्यांत विरघळलेला प्राणवायु थोडा असतो. तेथें केवळ कल्ल्यांवर जगणारे मासे गुदमरतात, पण खोलिशा तरतो. उलट, पृष्ठभागावर येण्यास त्याला मज्जाव केला तर पाण्यांत असूनहि तो गुदमरून मरतो. मासा पाण्यांत बुडून मरतो असें म्हटलें तर हंसूं येईल. पण गुरामीपुरतें तें अक्षरशः खरें आहे.

आतां कांचेच्या पेटीकडे वळूं. भांड्यांत सोनेरी मासे बाळगण्याची हौस चीनमध्यें फार जुनी. परंतु बंद पेटींतील पाणी वारंवार न बदलतां जीव कसे जगवावेत, याची शास्त्रीय उपपत्ति लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें १८५० सालीं मांडली. बारा गॅलन पाण्याच्या भांड्यांत त्यानें दोन सोनेरी मासे व पाणवनस्पति ठेविल्या. सडक्या पानांचा चिखल होऊं लागतांच त्यांत पाणगोगलगायी सोडल्या, आणि प्राणी व वनस्पति परस्परांचें जीवन कसें सांवरतात हें दाखवून दिलें. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत माशांसाठीं स्वतंत्र दालन उघडलें, दुसऱ्याच वर्षीं गॉस याचें मत्स्यालयावरील पुस्तक निघालें, आणि इंग्लंडांतील सुखवस्तु घरांत या छंदाची साथच पसरली.

तरीहि उष्ण देशांतील मासे युरोपांत पोंचविणें दुर्घट होतें. आगबोटीचा प्रवास आठवड्यांचा, डब्यांतील पाणी वाटेंत नासे आणि मासे मरत. ही अडचण हवा पिणाऱ्या माशांनींच सोडविली. १८६९ सालीं सिमाँ या फ्रेंच वकिलानें चीनमधून आणलेले ‘पॅराडाइज’ नांवाचे मासे पॅरिसला जिवंत पोंचले. ते आमच्या खोलिशाचे चुलतबंधु. पिएर कार्बोनिए या मत्स्यपालकानें त्यांची वीण घडवून आणली. पुढें १८७५ च्या सुमारास त्यानें हिंदुस्थानांतून गेलेल्या मोठ्या खोलिशाच्या विणीचेंहि वर्णन प्रसिद्ध केलें. या माशाला त्यानें ‘इंद्रधनुष्य मासा’ म्हटलें आहे. लाल खोलिशा १९०३ च्या सुमारास जर्मनींत पोंचला. ज्या गुणानें डबक्यांत जगविलें त्याच गुणानें त्याला समुद्रापार नेलें.

युरोपीय हौशी लोकांना त्याच्या रंगाइतकेंच त्याच्या घरट्यानें वेड लावलें. नर तोंडांतील लाळेनें वेष्टिलेले हवेचे बुडबुडे पाण्यावर सोडतो व त्यांचा फेसाळ तराफा रचतो. लाल खोलिशा त्यांत पाणवनस्पतींचे तुकडेहि विणतो. त्याखालीं मादी अंडीं घालते. मग नर तिला हांकून देतो आणि एकटा पहारा करतो. खालीं पडलेलें अंडें तोंडांत धरून पुन्हां फेसांत नेऊन ठेवतो. एक-दीड दिवसांत पिलें फुटतात. त्यांच्या अंगीं चक्रव्यूह तयार होण्यास कांहीं आठवडे लागतात, आणि त्या अवधींत पाण्यावरची थंड हवा त्यांना मारक ठरते.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानानें मासे नेणें सुलभ झालें आणि या छंदाचा व्यापार झाला. आपल्याकडेहि १९५१ सालीं मुंबईस तारापोरवाला मत्स्यालय उघडल्यापासून अनेक मध्यम वर्गीय घरांत ही आवड शिरली. पण दुकानांतला लाल खोलिशा आतां बंगालच्या तळ्यांतून क्वचितच येतो. आग्नेय आशियांतील मत्स्यशेतांत त्याची पैदास होते. निवडीनिवडीनें निव्वळ निळे, निव्वळ तांबडे असे प्रकार काढले जातात. तेथील दाटींत आणि व्यापाऱ्यांच्या सामाईक टाक्यांत एक विषाणु पसरला. तो प्लीहा व मूत्रपिंड नासवितो आणि त्यावर औषध नाहीं. २००३ सालीं ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत ‘मरे कॉड’ या तद्देशीय माशाचीं पिलें एका मत्स्यशेतांत मोठ्या संख्येनें मेलीं. तपासणींत त्यांतील विषाणु शोभेच्या खोलिशांतील विषाणूशीं जवळजवळ तंतोतंत जुळला. दिवाणखान्यांतील हौसेची झळ दूरच्या नदीच्या माशाला लागूं शकते, हें त्यावरून शास्त्रज्ञांच्या ध्यानांत आलें.

प्रारंभींच्या प्रश्नाचें उत्तर आतां मिळतें. आपण या माशाचा रंग तेवढा विकत घेतला, स्वभाव मात्र डबक्यांतच सोडून आलों. त्याला पाळावयाचें तर त्याच्या माहेरची आठवण ठेवूनच पाळावें. पेटी दोन फूट लांबीची असावी; पाणी संथ, पाण्यावर तरंगत्या वनस्पति, आणि वर झांकण असून पाणी व झांकण यांच्यामध्यें दोन बोटें उबदार हवा असावी. उष्णतामान पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेंटिग्रेड राहावें. मुंबईस हें आपोआप साधतें, पुण्या-नाशिकच्या थंडींत पाणी तापविण्याचें उपकरण लागतें. एका पेटींत दोन नर ठेवूं नयेत. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळा ठेवून निरखावा. भडक रंगापेक्षां चपळ हालचाल व भरलेलें पोट पाहून निवड करावी. चुना खोलिशा मिळाल्यास नवशिक्यानें तोच घ्यावा. आणि कंटाळा आला म्हणून पाळलेला मासा गांवच्या तळ्यांत किंवा नदींत कदापि सोडूं नये.

२००९ सालीं शास्त्रज्ञांनीं कुळाचीं नांवें पुन्हां तपासलीं, आणि ‘कोलिसा’ हें नांव मागें पडून त्याहून जुनें ‘ट्रायकोगॅस्टर’ हें नांव रूढ झालें. पण त्यापुढील ‘लालियस’ आणि ‘चुना’ हे शब्द कायम आहेत. दोनशें वर्षांपूर्वीं बंगालच्या बाजारांत एका कोळ्यानें परदेशी वैद्याच्या प्रश्नाला दिलेलें उत्तर जगांतील प्रत्येक मत्स्यग्रंथांत अद्याप छापलें जातें. त्या कोळ्याचें नांव कोणीं लिहून ठेविलें नाहीं. त्याला ठाऊक असलेला मासा नीट जगविणें, एवढें तरी आपल्या हातीं आहे.