मुकादम, जॉबर आणि प्रोसेसिंग फी

परवा रात्री राहात्याहून भाच्याचा फोन आला. "मामा, नोकरी लागली!" आनंद आवाजात मावत नव्हता. पुढचं वाक्य मात्र हळूच आलं. "साडेचार हजार प्रोसेसिंग फी भरायचीय, रात्री बाराच्या आत. आईला सांगू नकोस."

मी म्हटलं, "आज काही भरू नकोस. सकाळी बोलू." फोन ठेवला, पण झोप काही लागेना. कारण २००२ साली पुण्यात नोकरी शोधत असताना मीसुद्धा एका ठिकाणी 'रजिस्ट्रेशन'चे दीड हजार भरले होते. पावती मिळाली, नोकरी नाही. महिन्याभराने गेलो तर दाराला कुलूप! घरी आजवर कुणाला सांगितलं नाही. असो.

खरं तर काम आणि माणूस यांच्या मध्ये उभा असलेला हा तिसरा गृहस्थ आमच्याकडे नवा नाही. दिवाळीच्या सुमारास तो आम्हाला दरवर्षी दिसायचा.

आमचा भाग कालव्याच्या पाण्यावरचा. राहात्याचे पेरू सगळ्यांना माहीत असतात, पण पैसा आणला उसाने. १९१९ मध्ये बेलापूर कंपनी आली, मग १९५० मध्ये लोणीला, म्हणजे प्रवरानगरला, सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. एवढा ऊस तोडायला माणसं हवीत. ती आली बीड, पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावांतून, आणि त्यांना घेऊन आला मुकादम. हंगामाच्या कितीतरी आधी तो गावात पैसे वाटतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', आणि कोयत्याला आगाऊ मिळणारी रक्कम म्हणजे उचल. ती फिटेपर्यंत तोडायचं. नाही फिटली तर पुढच्या हंगामात परत यायचं. मजुरीवर मुकादमाचं कमिशन वेगळं. म्हणजे कामाच्या आधी कर्जच हातात पडतं!

माझे आजोबा कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. मी एकदा मुकादमांवर तावातावाने बोललो तेव्हा ते म्हणाले, "शिव्या दे, पण एक लक्षात ठेव. कोपीवर रात्री पोरगं तापलं की तोडणीवाला त्यालाच उठवतो." तेव्हा मला ते मुकादमाची बाजू घेणं वाटलं होतं.

मुंबईच्या गिरण्यांत हाच माणूस 'जॉबर' नावाने होता. बायकांच्या खात्यात 'नायकीण'. भरती त्याच्या हातात, काढून टाकणंही त्याच्याच हातात. कामावर लागायचं तर त्याला दस्तुरी द्यायची. बदली कामगार सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे आणि आत कोण जाणार ते जॉबर ठरवायचा. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात यावर कडक टीका केली. भरती आणि बडतर्फी जॉबरकडून काढा, लेबर ऑफिसर नेमा, असं सुचवलं. १९३५ मध्ये मुंबईत बदली कामगारांना कार्डं देण्याची पद्धत आली. १९४५ मध्ये लष्करातून परतणाऱ्या सैनिकांसाठी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज निघाली आणि १९५९ मध्ये रिकाम्या जागा तिथे कळवण्याचा कायदा झाला. नगरला जाऊन ते कार्ड काढलेले आपल्या पिढीत किती जण असतील! माझंही होतं. त्यावर एकही कॉल आला नाही हा भाग वेगळा. पण पैसे मागणारा मध्ये कुणी नको, हा त्यामागचा विचार मला आजही मोठा वाटतो.

राजनारायण चंदावरकर या इतिहासकाराने मात्र जॉबरची दुसरी बाजू दाखवली. जॉबरची सत्ता वस्तीतल्या ओळखीपाळखीवर, नात्यागोत्यावर उभी होती. कामगारांना त्याची गरज होती, तशी त्यालाही कामगारांची होती. हे वाचलं आणि मला आजोबांचं बोलणं कळलं. मुकादम, जॉबर लुबाडायचे, यात शंका नाही. पण त्यांना संध्याकाळी त्याच माणसांत परतायचं असायचं. त्यांना तोंड होतं, घर होतं. भाच्याला फोन करणाऱ्याला यातलं काहीच नाही. मुकादम आधी पैसे देऊन माणसाला बांधून ठेवतो. हा आधी पैसे घेतो आणि स्वतः मोकळा होतो.

सरळमार्गी रिक्रूटरही पुष्कळ भेटले मला. माझी आताची नोकरी तशाच एका बाईंमुळे लागली. त्यांनी माझ्याकडून एक रुपया घेतला नाही, कारण त्यांचे पैसे कंपनी देत होती.

सकाळी मी भाच्याला दोनच प्रश्न विचारायला सांगितले. तुमचे पैसे कंपनी देते की मी? आणि तुम्हाला भेटायला कुठे येऊ?

दुपारी त्याचा फोन आला. पहिल्या प्रश्नावर तो माणूस चिडला, दुसऱ्यावर फोन कट. नंतर नंबर बंद. साडेचार हजार वाचले, पण पोराचा आवाज पडला होता. रात्रभर तो नोकरीवाला होता ना! मग मी त्याला माझ्या दीड हजारांची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "मामा, पावती आहे का अजून?"

आहे. का ठेवली ते मलाही माहीत नाही.

ताई, हे वाचलंस तर त्याला रागावू नकोस. आणि मलाही.