तराजू एक, म्हणजे न्याय?

साऱ्या देशाला एकच प्रवेश परीक्षा असावी, हे मत आता इतके रुळले आहे की त्याला कोणी प्रमाण मागत नाही. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी सीयूईटी ही सामाईक परीक्षा सुरू झाली आणि या मताला राजमान्यताही मिळाली. त्याचा पूर्वपक्ष दुबळा नाही. एक बोर्ड सढळ हाताने गुण देते, दुसरे हात आखडते. पाच विद्यापीठांच्या पाच परीक्षा द्यायच्या तर गरिबाला प्रवासखर्च परवडत नाही. विद्यापीठातल्या विभागाच्या हाती परीक्षा गेली की वशिल्याला वाट मिळते. तिन्ही आक्षेप खरे. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा.

कलकत्ता विद्यापीठाची पहिली बी.ए. परीक्षा 1858 साली झाली. उत्तीर्ण ठरले दोघेच: बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि यदुनाथ बसू. तेही सहापैकी एका विषयात फार तर 7 गुणांनी कमी पडले होते. उरलेल्या पाच विषयांतली त्यांची तयारी पाहून विद्यापीठाने त्यांना वाढीव गुण दिले. नुसत्या आकड्याला चिकटून बसले असते, तर त्या वर्षी एकही पदवीधर झाला नसता. गुणांची बेरीज कोणीही करील. तिचा अर्थ लावायला शिक्षकच लागतो.

त्याच शहरात जुलै 2018 मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेने कला शाखेतील सहा विषयांच्या प्रवेश परीक्षा रद्द करून केवळ बारावीच्या गुणांवर प्रवेश देण्याचे ठरवले. विद्यार्थी उपोषणाला बसले आणि आठवड्याच्या आत निर्णय फिरला. त्या मुलांचे स्वतःचे प्रवेश केव्हाच झाले होते. ती भांडली मागून येणाऱ्यांसाठी. तौलनिक साहित्याच्या वर्गाला न वाचलेल्या कवितेवर स्वतःच्या शब्दांत लिहिणारी मुलगी हवी असते. बारावीच्या गुणांतून ती दिसत नाही; मग सामाईक परीक्षेत चार पर्यायांपैकी एकावर खूण करायला लावून तरी ती कशी ओळखणार?

एका परीक्षेच्या बाजूने चीनच्या गाओकाओ या प्रवेश परीक्षेचा दाखला हमखास दिला जातो. पण तिथेही विद्यापीठांच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात आणि पात्रतेची रेषा प्रांतागणिक बदलते. नाव एक, मोजमापे अनेक.

राहिले ते तीन आक्षेप. बोर्डाबोर्डांतली तफावत विभागाच्या स्वतंत्र परीक्षेनेही भरून निघते. वशिला रोखायला उत्तरपत्रिकेवरचे नाव झाकावे, खर्च वाचवायला जिल्ह्याजिल्ह्यांत केंद्रे ठेवावीत. वैद्यकासारख्या, सर्वत्र एकच पाया मागणाऱ्या विद्येला सामाईक परीक्षा शोभते. इतरत्र तिने फार तर उंबरठा ठरवावा. वर्गात कोणाला घ्यायचे, ते मुलांचे स्वतःचे लिखाण वाचून, पुढची तीन-चार वर्षे त्यांना शिकवणाऱ्यांनी ठरवावे. सर्वांना एकाच तराजूत घालणे ही समता झाली. ज्याचे जे बळ आहे तेच तोलले जाणे, हा न्याय.