जोगणीचे ऋण

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना अण्णाभाऊ साठे यांनी शेषनागाची पुराणकथा निकालात काढली. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून श्रमिक-दलितांच्या तळहातावर तरलेली आहे, हे त्यांचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. पुढच्याच वर्षी त्यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली आणि तिचा आरंभ झाला तो जोगणीने. लाल बावटा कलापथकाच्या या शाहिराने दैवतापासून कथा का सुरू करावी?

अण्णाभाऊंचे वाटेगाव मूळचे सातारा जिल्ह्यातले. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जोगणी ज्या गावी, जत्रा त्या गावी, अशी कादंबरीतील या मुलखाची श्रद्धा. मांगवाड्यातला राणोजी ती आणण्यासाठी शिगावात शिरतो. जोगणी वाटेगावास पोचते. राणोजी प्राणास मुकतो.

येथे चमत्कार मात्र घडत नाही. जोगणी राणोजीला वाचवीत नाही. घडते ते माणसांच्या श्रद्धेमुळे. मान साऱ्या गावाला मिळतो, सुतक मात्र दौलती आणि राधा यांच्या घराला. त्या सुतकातूनच गाव एका मांग कुटुंबाचे ऋणी होते. पुढे दुष्काळात विष्णुपंत कुलकर्णी मांगवाड्याच्या पाठीशी उभे राहतात, त्यामागे हे ऋणही आहे, असे आम्हाला वाटते.

क्युबाचे कादंबरीकार आलेहो कार्पेंतिएर यांनी १९४९ साली हैतीतील गुलामांच्या बंडावर लिहिलेल्या कादंबरीत माकांदाल जाळला जातो. गुलामांच्या लेखी मात्र तो ज्वाळांतून उडून जातो. त्यांची श्रद्धा पुढच्या उठावाला बळ देते. अण्णाभाऊ एवढीही अद्भुताची सवलत घेत नाहीत. क्युबन कुटुंबकथांत श्रद्धा आजीकडून नातीकडे यावी, तशी येथे बापाच्या मरणाची जबाबदारी मुलाकडे येते.

परंतु या ऋणाला मर्यादा आहे. मांगांना गुन्हेगार ठरवून रोज हजेरी घेणाऱ्या सरकारला जोगणी ठाऊक नाही. आप्तस्वकीय कैदेत पडतात तेव्हा फकिराला स्वतःलाच शरण जावे लागते. पित्याने दिले तेच पुत्राने पुन्हा दिले.

वर्गात हे पहिले प्रकरण ‘ग्रामीण अंधश्रद्धेचे चित्रण’ म्हणून उरकले जाते. तसे केल्याने अण्णाभाऊंचा प्रश्नच आपण पुसून टाकतो: दैवत गावाचे, तर त्यासाठी रक्त नेहमी वेशीबाहेरच्यांचेच का?