कोळशाच्या खोऱ्यातील पुरुष गायकवृंद

वेल्समधील पुरुष गायकवृंद ही तेथील फार प्राचीन लोकपरंपरा आहे, असा समज खुद्द त्या देशातही आढळतो. प्रत्यक्षात तिचे वय जेमतेम दीडशे वर्षे असून तिची जडणघडण दगडी कोळशाच्या उद्योगाने केली. ऱ्होंडा नदीच्या धाकट्या खोऱ्यातील टायलर्सटाउन हे गाव त्याची साक्ष देते. तेथील पेन्डिरस नावाच्या शेतवाडीखालील खनिजाचे हक्क १८७२ मध्ये आल्फ्रेड टायलर याने विकत घेतले, खाण निघाली आणि गावाला त्याचे नाव मिळाले. १९२४ मध्ये तेथे स्थापन झालेल्या गायकवृंदाच्या नावात मात्र जुने पेन्डिरसच टिकून राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ऱ्होंडाच्या दोन्ही खोऱ्यांत मेंढपाळांची विरळ वस्ती होती, तर १९११ पर्यंत लोकसंख्या दीड लाखांवर गेली. कामाच्या शोधात आलेल्यांत तरुण पुरुषांचा भरणा मोठा होता आणि त्यांच्या फावल्या वेळाला दोनच मोठे आसरे होते, मद्यगृह आणि चॅपेल, म्हणजे अधिकृत अँग्लिकन चर्चपासून फुटून निघालेल्या पंथांचे प्रार्थनागृह. चॅपेलमध्ये सारी मंडळी चार स्वरपंक्तींत स्तोत्रे गात असल्याने बहुस्वरी गायनाचे शिक्षण तेथे विनाशुल्क मिळे. त्यात भर पडली ‘टॉनिक सोल-फा’ या स्वरलेखनाची. जॉन कर्वेन याने प्रचारात आणलेल्या या पद्धतीत आपल्या षड्जाप्रमाणेच आधारस्वर सरकता असतो आणि स्वर साध्या अक्षरांनी लिहिले जातात. त्यामुळे पुस्तके स्वस्त छापता येत आणि पाच रेघांची स्वरलिपी न येणारा खाणकामगारही अवघड रचना वाचू शके.

प्रारंभी मान होता तो स्त्री-पुरुषांच्या मिश्र वृंदांना. लोहारकाम केलेल्या ‘काराडॉग’ याने १८७२ व १८७३ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये गाजवलेला महावृंद तसाच होता. पुरुषवृंदांची खरी चढती कमान १८८० नंतरची. आयस्टेडफॉड, म्हणजे काव्य-गायनाच्या स्पर्धांचा मेळा, हे त्यांचे रणांगण ठरले आणि तेथील चुरस कुस्तीच्या फडाहून कमी नव्हती: निकालांवर पैजा लागत, परीक्षकांशी वाद होत. भक्तीतून उगवलेल्या या कलेला इतकी ईर्षा मानवली, किंबहुना तिच्यामुळेच गायनाचा दर्जा वाढला, असे म्हणणे भाग पडते.

पेन्डिरसचा जन्म मात्र उतरत्या काळातला. निर्यातीचा बाजार ढासळू लागला होता. १९२६ मध्ये देशव्यापी सार्वत्रिक संप झाला आणि तो मिटल्यावरही खाणकामगारांची टाळेबंदी कित्येक महिने चालली, पुढे दीर्घ मंदी आली. अनेक गायक बेकार होते. परंतु रोजगार नसलेल्या माणसाला ठरल्या वेळी पोहोचण्याचे ठिकाण, शिस्त आणि चारचौघांत मान तालमीने दिला. वृंदाच्या चिकाटीचे कारण श्रद्धेपेक्षा येथे शोधणे अधिक सयुक्तिक होय. आर्थर डगन याने १९२४ ते १९६० अशी सलग छत्तीस वर्षे संचालन केले. १९६२ मध्ये सूत्रे हाती घेणाऱ्या ग्लिन जोन्स याने ठरावीक स्तोत्रांच्या आणि वीरश्रीयुक्त समूहगीतांच्या पलीकडे जाऊन प्रबोधनकालीन युरोपीय संगीताबरोबरच समकालीन संगीतकारांच्या नव्या रचनाही गाववल्या. ऱ्होंडातील अखेरची खाण १९९० मध्ये बंद झाली, तेव्हाही तोच संचालक होता आणि तालमी चालू होत्या.